‘गेट’ची गाठ : वाचकांचे प्रश्न

या खेपेच्या टपालातली निम्मी पत्रं एकाच इंग्रजी क्रियापदावर आहेत, म्हणून आज बाकीचे शब्द बाजूला. फाटकाचं गेट वेगळं, त्याचा इथे संबंध नाही.

प्रश्न : ‘गेट’चे एकूण अर्थ किती?

मोजू नका. आपल्या ‘लागणे’चे किती? भूक लागते, ठेच लागते, कुलूप लागतं, नंबर लागतो, नाद लागतो, जावंही लागतं. ही यादी कुणी पाठ केली होती का? मिळणं, आणणं, पोचणं, होणं, समजणं एवढ्यांशी आधी ओळख करून घ्या.

प्रश्न : ग्रुपवर आलंय की ‘गेट’ हा संस्कृत ‘गत’वरून आला. खरं का?

नाही. ‘गत’ ज्या ‘गम्’ धातूचा, त्याचं इंग्रजीतलं नातलग ‘कम’. ‘गेट’ आला तो जुन्या नॉर्स भाषेतल्या ‘गेटा’वरून. इंग्लंडच्या उत्तर-पूर्व भागात येऊन राहिलेल्या व्हायकिंगांची ही भाषा. इंग्रजी लिखाणात ‘गेट’ साधारण १२००च्या सुमारास दिसू लागतो. तिथल्या जुन्या इंग्रजीत हाच धातू होता, पण उपसर्गाला चिकटूनच. आजच्या ‘फरगेट’चा पूर्वज त्यातलाच. त्या काळी त्यातला ‘ग’ चक्क ‘य’सारखा उच्चारत, आजचा खणखणीत ‘ग’ ही नॉर्सची देणगी. लॅटिनमधला भाऊबंद ‘पकडणे’ या अर्थाचा, त्यातूनच ‘कॉम्प्रिहेन्ड’ आला. म्हणजे ‘आय गेट इट’ म्हणा की ‘आय कॉम्प्रिहेन्ड’, मुळात गोष्ट हातात धरायचीच आहे. पुढच्या वेळी फॉरवर्ड करण्याआधी व्युत्पत्ती देणारा कोश उघडा, ही विनंती.

प्रश्न : ‘गॉट’ की ‘गॉटन’? ‘गॉटन’ हा अमेरिकनांचा घोळ ना?

घोळ कसला? १६११च्या इंग्रजी बायबलमध्ये हव्वेच्या तोंडी ‘गॉटन’ आहे. ब्रिटिशांनी पुढे तो टाकला, अमेरिकनांनी ठेवला. परीक्षेत काय चालेल ते आपल्या बाईंना विचारा.

प्रश्न : अर्जात ‘गेट’ लिहू नये म्हणतात.

अर्जात ‘रिसीव्ह’ शोभतो, बोलताना ‘गेट’.

प्रश्न : मुलाच्या भाडेकरारात लिहिलंय, ‘द लायसन्सी शॅल गेट द फ्लॅट पेंटेड बिफोर व्हेकेटिंग.’ आम्हाला वाटलं, रंगवलेला फ्लॅट मिळणार. सही होऊन दहा महिने झाले, आता मालक रंगाचे पैसे मागतोय.

दहा महिने! हे पत्र सहीच्या आधी यायला हवं होतं. ‘गेट अ पेंटेड फ्लॅट’ असतं तर रंगवलेला फ्लॅट मिळाला असता. इथे ‘पेंटेड’ फ्लॅटच्या मागे बसलाय. ‘गेट’, मग वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप, अशी रांग लागली की अर्थ होतो ‘करून घेणे’. केस कापून घेणं, गाडी दुरुस्त करून घेणं, तसंच फ्लॅट रंगवून घेणं. लायसन्सी म्हणजे तुमचे चिरंजीव आणि ‘शॅल’ म्हणजे बंधन. माझा राग आहे तो ‘गेटचे शंभर उपयोग’ची पीडीएफ विकणाऱ्या क्लासवाल्यांवर. मी अशी एक चाळली; ‘गेट लॉस्ट’ पहिल्याच पानावर, आणि ही रचना कुठेच नाही. ‘काका, स्टँडर्ड फॉरमॅट आहे’ म्हणत पेन पुढे करणाऱ्या एजंटांवरही तेवढाच. पण मी सांगतो ते व्याकरण. डिपॉझिटमधून किती कापता येईल, नेहमीच्या वापरानं उडालेला रंग कुणाच्या माथी, हे बाकीची कलमं वाचल्याशिवाय ठरत नाही. पैसे देऊ नका, भांडूही नका. अख्खा करार घेऊन याच आठवड्यात वकिलाकडे जा.

प्रश्न : परवा मुलाखत आहे. ‘गेट’ची सगळी फ्रेजल व्हर्ब्ज दोन दिवसांत होतील?

नाही. ‘गेट ऑन’, ‘गेट ओव्हर’, ‘गेट थ्रू’ वाक्यात वापरून घरच्यांना ऐकवा. बाकीची मुलाखतीनंतर, चांगल्या शिक्षकाकडे बसून.