आपले प्रश्न : जंगलाकाठचा रेबीज

प्रश्न : यावल अभयारण्याला लागून आमची केळी आहे. रात्री पाणी भरताना वडिलांच्या पोटरीला कोल्हा चावला आणि पळून गेला. आरोग्य केंद्रात एक लस दिली, सिरमसाठी मोठ्या दवाखान्यात जायला सांगितलं. घरचे म्हणतात, दहा दिवस वाट पाहू.
– एक वाचक, ता. रावेर

उत्तर : वाट पाहू नका, आजच निघा. चावलेल्या जनावरावर दहा दिवस नजर ठेवायचा नियम फक्त कुत्र्या-मांजराचा आहे, तोही जनावर डोळ्यांसमोर असेल तर. कोल्हा, लांडगा, तरस, मुंगूस यांचा चावा थेट तिसऱ्या, म्हणजे सर्वांत गंभीर श्रेणीत धरतात; ओरखडा किरकोळ दिसला तरी.

लस घेतल्यावर शरीरात प्रतिकारशक्ती तयार व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. तोवर जखमेतला विषाणू तिथेच अडवायचं काम सिरमचं, म्हणजे तयार प्रतिपिंडांच्या इंजेक्शनचं. म्हणून ते जखमेत आणि जखमेभोवती टोचतात. घोड्यापासून बनवलेलं सिरम किलोमागे जास्तीत जास्त 40 युनिट, मानवी सिरम 20. वडिलांचं वजन 60 किलो असेल तर घोड्याच्या सिरमची कमाल मात्रा 2400 युनिट. पहिल्या लसीपासून सात दिवसांच्या आत ते घेता येतं, नंतर उपयोग नाही. साठा आहे का, हे निघण्याआधी फोन करून विचारा. नाहीतर भाडं खर्चून हात हलवत परत यावं लागतं.

सरकारी दवाखान्यात लस बहुधा कातडीत देतात : 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी, दर वेळी दोन ठिकाणी. गोंधळ मोजणीत होतो, कारण पहिल्या लसीचा दिवस शून्य. पहिली सोमवारी झाली तर दुसरी गुरुवारी, तिसरी पुढच्या सोमवारी, चौथी त्यानंतर तीन आठवड्यांनी सोमवारीच. स्नायूत देत असतील तर पाच डोस, 0, 3, 7, 14, 28. दंडात, कुल्ल्यावर नाही. पोटातली चौदा इंजेक्शनं केव्हाच इतिहासजमा झाली.

जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटं धुतली नसेल तर आताही धुवा. शेतात मोटार चालू असतेच, साबण तेवढा मळ्यात ठेवत जा. चुना, तिखट, हळद लावू नका, घट्ट पट्टी नको. टाके शक्यतो टाळतात. भगताकडे जायचंच असेल तर लस-सिरम घेऊन झाल्यावर.

प्रश्न : गाय सारखी हंबरत होती, लाळ गाळत होती, चारा गिळेना. घशात काही अडकलं म्हणून भावाने तोंडात हात घातला. चौथ्या दिवशी गाय मेली. दूध सगळ्यांनी प्यायलं.
– एक वाचक, ता. शिरपूर

उत्तर : गुराढोरांच्या रेबीजमध्ये हीच फसगत सगळ्यात जास्त होते. घशाचे स्नायू लुळे पडतात, गिळता येत नाही, आणि माणसाला वाटतं केळीचं खोड नाहीतर कणीस अडकलं. आवाज घोगरा झालेलं, लाळ गाळणारं जनावर दिसलं की हात बाहेर ठेवा आणि 1962 या फोन क्रमांकावर पशुवैद्यकाला बोलवा.

भावाच्या हाताला चिरा, खरचटलेलं, नखाजवळ सोललेलं काहीही असेल तर तोही तिसऱ्या श्रेणीत : लस आणि सिरम दोन्ही. शेतकऱ्याचा हात धड सापडणं कठीण, तेव्हा ‘काही नव्हतं’ असं घरीच ठरवू नका. उकळलेलं दूध प्यायलेल्यांना लसीची गरज नाही. कच्चं दूध मात्र अशा जनावराचं कधीच नको. मेलेल्या गाईचं कातडं काढू नका, खोल पुरा. गोठ्यातल्या दुसऱ्या जनावराला चावा दिसला तर त्यालाही चावल्यानंतरची लस लगेच सुरू करता येते.

प्रश्न : गुरांमागे जंगलात जाणाऱ्या कुत्र्यांना लस कधी?
– एक वाचक, ता. अक्राणी

उत्तर : तीन महिन्यांचं पिल्लू झालं की पहिली, पशुवैद्यक सांगतील तेव्हा बूस्टर, मग दरवर्षी. बर्फाच्या डब्यात न आणलेली लस टोचून घेऊ नका; ती 2 ते 8 अंशांतच टिकते. पाड्यावरची सगळी कुत्री एकाच दिवशी बांधून ठेवलीत तर एका फेरीत काम होतं.