माहजाँग शिकताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही चौघी मैत्रिणींनी माहजाँगचा, म्हणजे टाइल्सनी खेळायच्या चिनी खेळाचा, संच घेतला आहे. सोबतची नियमपुस्तिका उघडली, तर निम्म्याहून अधिक पाने गुणांच्या कोष्टकांनी भरलेली आहेत आणि ती वाचूनच उत्साह मावळतो. सुरुवात नेमकी कुठून करावी?

उत्तर : पहिले काही दिवस गुणांची कोष्टके बाजूला ठेवा आणि एकच गोष्ट पक्की करा : डाव जिंकायला 14 टाइल्स लागतात आणि त्यांचे तीन-तीनचे चार गट व एक जोडी जुळावी लागते. गट दोन प्रकारचे असतात. तीन अगदी सारख्या टाइल्स जमल्या की त्याला ‘पंग’ म्हणतात, आणि एकाच जातीतल्या लागोपाठच्या तीन अंकांना ‘चाऊ’. रमी खेळणाऱ्याला यात अवघड काही वाटणार नाही, मात्र एक फरक लक्षात ठेवावा लागतो. माहजाँगमध्ये प्रत्येक टाइलच्या हुबेहूब सारख्या चार प्रती असतात, म्हणून पंगमधल्या तिन्ही टाइल्स अंकाने आणि जातीनेही एकच असाव्या लागतात.

पूर्ण संचात 144 टाइल्स असतात. चकत्या, बांबू आणि अक्षरे या तीन जातींमध्ये 1 ते 9 अंक, प्रत्येकाच्या चार प्रती, अशा 108 टाइल्स होतात. चार दिशांच्या वाऱ्यांच्या 16, तीन ड्रॅगनच्या 12 आणि फुले व ऋतू यांच्या 8 मिळवल्या की 144 भरतात. शिकताना या शेवटच्या आठ टाइल्स खुशाल डब्यातच ठेवा. त्यांचा डावाच्या बांधणीशी संबंध नसतो, आणि त्या वगळून 136 टाइल्सवर खेळण्याची पद्धत जपानमध्ये रूढ आहेच.

टाइल्स पालथ्या घालून नीट मिसळा. मग प्रत्येकीने आपल्यासमोर दोन थरांची भिंत रचावी. 136 टाइल्स असतील तर प्रत्येक भिंत 17 टाइल्स लांबीची होते. प्रत्येकीला 13 टाइल्स मिळतात. डाव सुरू करणारी, म्हणजे ‘पूर्व’, एक जास्तीची घेते आणि पहिली टाइल टाकते. खेळ उजवीकडे सरकत जातो : भिंतीतून एक उचलायची, हातातली एक टाकायची.

सुरुवातीच्या डावांत सर्वाधिक होणारी चूक टाइल टाकायला विसरण्याची किंवा उचलायला विसरण्याची असते. हातात एक टाइल कमी किंवा जास्त झाली की तो डाव जिंकता येत नाही, आणि हे बहुधा फार उशिरा ध्यानात येते. म्हणून आपली पाळी संपली की, उघडे मांडलेले (म्हणजे दुसरीने टाकलेली टाइल मागून केलेले) गट धरून, 13 मोजण्याची सवय लावा. चार सारख्या टाइल्सचा ‘काँग’ केला तर चौथी टाइल या मोजणीत धरायची नाही; तिच्या बदल्यात भिंतीच्या मागच्या टोकाकडून एक टाइल घ्यायची असते, आणि नवशिक्यांकडून हमखास राहून जाते ती हीच.

पहिले पाच-सहा डाव सगळ्या टाइल्स उघड्या ठेवून खेळा आणि प्रत्येकीने आपण ही टाइल का टाकतो ते मोठ्याने सांगावे, असा माझा आग्रह आहे. पुस्तिका दहा वेळा वाचून जे समजत नाही, ते एका संध्याकाळी अशा खेळातून समजते.

प्रश्न : मला चिनी लिपी येत नाही. अक्षरांच्या टाइल्स कशा ओळखू?

उत्तर : फक्त नऊ अंक ओळखायचे आहेत, आणि त्यांतले पहिले तीन म्हणजे एक, दोन आणि तीन आडव्या रेघा. उरलेले सहा चार-पाच बैठकांत डोळ्यांना सरावतात. खालचे, बहुधा लाल रंगातले चिन्ह सर्व नऊ टाइल्सवर सारखेच असते. त्याचा अर्थ ‘दहा हजार’. हा अर्थ कळला की तिन्ही जातींचे नाते उलगडते. जुन्या चिनी पत्त्यांच्या खेळांतून आलेल्या या जाती मुळात पैशाच्या आहेत : चकत्या म्हणजे नाणी, बांबू म्हणजे दोरीत ओवलेल्या नाण्यांच्या माळा, आणि अक्षरे म्हणजे दहा-दहा हजारांच्या रकमा.

दोन टाइल्स मात्र सर्वांनाच फसवतात. बांबू 1 या टाइलवर बांबू नसून पक्षी असतो, तेव्हा तिला फुलांच्या टाइल्समध्ये टाकू नका. पांढरा ड्रॅगन कधी पूर्ण कोरा असतो, तर कधी त्यावर नुसती निळी चौकट असते. काही संचांत कोऱ्या टाइल्स सुट्या जास्तीच्याही दिलेल्या असतात, म्हणून खेळ मांडण्यापूर्वी पांढरे ड्रॅगन चारच आहेत ना, ते मोजून घ्या.

प्रश्न : मी संगणकावर माहजाँग बरीच वर्षे खेळतो. प्रत्यक्ष खेळताना त्याचा उपयोग होईल का?

उत्तर : टाइल्स ओळखण्यापुरता होईल, त्यापलीकडे नाही. रचलेल्या ढिगातून सारख्या जोड्या काढून टाकण्याचा तो एकट्याचा खेळ आहे. ब्रोडी लॉकार्ड यांनी तो 1981 मध्ये ‘प्लेटो’ या संगणक-प्रणालीवर तयार केला आणि 1986 मध्ये ‘शांघाय’ या नावाने तो घरोघरच्या संगणकांवर पोहोचला. चौघांचे माहजाँग चीनमध्ये एकोणिसाव्या शतकात घडले. दोघांचे साहित्य एकच असले, तरी खेळ वेगळे आहेत.

प्रश्न : कोणी माझ्या उपयोगाची टाइल टाकली की मी ती लगेच मागून घेते. माझे गट इतरांपेक्षा लवकर मांडून होतात, पण शेवटची टाइल काही केल्या मिळत नाही. माझे काय चुकते?

उत्तर : तुमच्या पत्रातच उत्तर दडलेले आहे. टाकलेली टाइल मागून गट केला की तो उघडा मांडावा लागतो, आणि मांडलेला गट पुन्हा मोडता येत नाही. असे दोन-तीन गट झाले की हातात चार-सात टाइल्सच उरतात, निवडीला वाव राहत नाही, आणि तुम्ही कशाच्या शोधात आहात याचा अंदाज टेबलावरच्या सर्वांना येतो.

एक हात डोळ्यांसमोर आणू. चकती 2, 3, 4 आणि 7, 7. बांबू 4, 5, 6, 8. अक्षर 1, 5, 6. आणि एक सुटा पूर्व वारा, जो तुमच्या बसण्याच्या दिशेचा नाही आणि चालू फेरीला ठरलेल्या दिशेचाही नाही. या झाल्या 13. आता भिंतीतून बांबू 7 आला. काय टाकाल? चकत्यांचा एक गट आणि एक जोडी तयार आहे. बांबूंकडे जरा थांबून पाहा : 4-5-6-7-8 अशी पाच टाइल्सची सलग ओळ झाली आहे. तिच्यात एक गट आहेच, शिवाय 3, 6 किंवा 9 यांपैकी कोणताही बांबू आला तरी दुसरा गट पुरा होतो. बांबू 6 ची एक प्रत तुमच्याच हातात असल्याने उपयोगी टाइल्स उरतात अकरा. अक्षर 5-6 ला 4 किंवा 7 चालतो, म्हणजे आठ टाइल्स. पूर्व वारा आणि अक्षर 1 यांचा कोणाशी मेळ नाही. वारा आधी टाका, कारण दुसऱ्या कोणाकडे त्याची जोडी जमण्याआधी तो गेलेला बरा. पुढे बांबू 9 आला की अक्षर 1 टाकायचा, आणि मग तुम्ही फक्त अक्षर 4 किंवा 7 ची वाट पाहत असता. आतापर्यंत तुम्ही एकही टाइल मागितलेली नाही आणि समोरच्यांना काहीच कळलेले नाही.

हा हिशेब मी इतका तपशिलाने मांडला, कारण माझ्या मते खेळाचा गाभा हाच आहे. 5-6 अशी लागोपाठची दुक्कल आठ टाइल्सची वाट पाहते. 4-6 ला फक्त 5 चालतो, म्हणजे चारच टाइल्स. 8-9 लाही फक्त 7. जोडीचा पंग करायला तर अवघ्या दोनच शिल्लक असतात. यातही टेबलावर दिसणाऱ्या टाइल्स वजा करायच्या. टाइल मागण्यापूर्वी हा हिशेब मनात करून पाहा. मधल्या एकाच टाइलवाचून अडलेला गट असेल, तर मागणे बहुधा योग्य ठरते. दोन्ही बाजूंनी पुरा होणारा असेल, तर थोडे थांबायला हरकत नाही.

चाऊसाठी टाइल फक्त डावीकडच्या खेळाडूने टाकलेलीच मागता येते, हेही विसरू नका. पंगसाठी कोणाचीही चालते, आणि एकाच टाइलवर दोघांचा दावा आला, तर पंग चाऊच्या वर आणि डाव जिंकणारा दावा सर्वांच्या वर.

प्रश्न : एका परिचितांकडे शिकलेले नियम दुसऱ्या गटात चालत नाहीत. खरे नियम कोणते मानावेत?

उत्तर : सर्वच खरे आहेत. चीनमध्ये 1998 साली क्रीडा प्रशासनाने स्पर्धांसाठी नियम ठरवले. त्यांत गुणांचे 81 प्रकार आहेत आणि जिंकायला किमान 8 गुण लागतात. हाँगकाँगची पद्धत मोजणीला सोपी असल्याने नवशिक्यांना मी तीच सुचवतो. जपानी पद्धतीत नुसते चार गट आणि जोडी पुरत नाहीत, ठरावीक रचनांपैकी किमान एक हातात असावी लागते. शिवाय जी टाइल आल्याने तुमचा डाव पुरा होणार, तीच तुम्ही पूर्वी टाकली असेल, तर इतरांनी टाकलेल्या टाइलवर जिंकता येत नाही. अमेरिकन पद्धत सर्वांत निराळी. तिथे जोकर धरून 152 टाइल्स असतात, चाऊ नसतो, आणि 1937 मध्ये स्थापन झालेली ‘नॅशनल माह जाँग लीग’ दरवर्षी नवे कार्ड काढते, त्यातल्याच रचना जुळवाव्या लागतात. त्यामुळे एका पद्धतीत हात बसल्याशिवाय दुसरीकडे वळू नका.

नव्या गटात बसताना भिंती रचण्यापूर्वीच चार गोष्टी विचारून घ्या : फुलांच्या टाइल्स धरायच्या का, जिंकायला किमान किती गुण हवेत, दुसऱ्याने टाकलेल्या टाइलवर डाव जिंकला तर गुण एकट्या टाकणाऱ्याने द्यायचे की तिघांनी, आणि टाकलेली टाइल मागायला किती वेळ थांबायचे. यांतल्या शेवटच्या गोष्टीवरूनच सर्वाधिक वाद होतात, म्हणून ती अगदी ओळखीच्या माणसांतही बोलून ठरवावी.