स्टुडंट एक्सचेंजच्या मित्रमैत्रिणींसोबत चार दिवसांत स्पेनमधली तोलेदो, सेविया, कॉर्दोबा, ग्रानादा बघून होईल का?

होईल. आम्ही हीच चार शहरं चार दिवसांत केली होती, म्हणूनच सांगते, करू नका.

मी एक सेमिस्टर सालामांकाला होते. आम्ही आठ जण निघालो, दोन इटालियन, एक जर्मन, दोन ब्राझिलियन, एक मोरोक्कोची मुलगी, मी आणि माझी रूममेट, आपल्या पुण्याचीच. रूममेटने एक्सेल शीट केली होती, कुठे किती वाजता पोचायचं आणि किती वाजता निघायचं सगळं त्यात. तोलेदोत तीन तासांत कॅथेड्रल, सिनेगॉग, सांतो तोमे चर्चमधलं एल ग्रेकोचं चित्र, आणि चला. सेवियाचं तर मला हिराल्डाच्या मनोऱ्यात पायऱ्यांऐवजी उतार आहे एवढंच आठवतं.

मग कॉर्दोबा, आणि मेस्कितासाठी शीटमध्ये दीड तास! ७८५ साली बांधायला घेतलेली मशीद आहे ती, साडेआठशेच्या वर खांब, बरेचसे जुन्या रोमन आणि मुसलमानांच्या आधी तिथे राज्य केलेल्या व्हिसिगॉथ लोकांच्या इमारतींतून काढून आणलेले, त्यामुळे एकाचा रंग दुसऱ्याला जुळत नाही, उंची कमी पडली म्हणून वर कमानीवर कमान चढवलेली, लाल वीट, पांढरा दगड, परत लाल वीट. १२३६ला शहर ख्रिश्चन राजाने जिंकलं आणि मशिदीचं कॅथेड्रल झालं, नंतर सोळाव्या शतकात मधले खांब पाडून तिथे अख्खं चर्च घुसवलं. खांबांमधून चालताना अचानक छत उंच होतं आणि पांढराशुभ्र उजेड येतो, तिथे पाय थांबतातच.

ती मोरोक्कोची मुलगी तेतुआनची होती. ग्रानादाचं मुसलमान राज्य बुडत होतं त्या सुमारास तिथून निघालेल्या लोकांनीच ते शहर परत उभं केलं, आणि तिची आजी लहानपणापासून तिला सांगायची की आपण मूळचे ग्रानादाचे. ती मिहराबसमोरच्या, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्यासमोरच्या कठड्याला जाऊन उभी राहिली आणि सोनेरी मोझेइकमधली अक्षरं वाचायला लागली, हळूहळू, ओठ हलत होते. तिथे मुसलमानांना नमाज पढायची परवानगी नाही, त्यामुळे सिक्युरिटीवाला दोन पावलं जवळ आला. तिने त्याच्याकडे बघितलं, दोन्ही हात जॅकेटच्या खिशात घातले, नमाजाला उभी नाही हे त्याला दिसावं म्हणून, आणि परत वाचायला लागली.

माझा फोन वाजतच होता. "बस सुटेल, निघा." तिला हलवायची माझी हिंमत झाली नाही. आमची दोघींची बस चुकली, संध्याकाळच्या बसने रात्री ग्रानादाला पोचलो.

हॉस्टेलवर रूममेट म्हणाली, तुम्ही दोघींनी सगळ्यांच्या ट्रिपची वाट लावलीत, ग्रुपने आलं की ग्रुपचं ऐकायचं. बाकीचे पाच जण आल्बाइसिन या ग्रानादाच्या जुन्या वस्तीच्या चढावर आरामात फिरत होते, त्यांना कोणालाच राग नव्हता. दुसऱ्या दिवशी अल्हांब्रात, ग्रानादाच्या सुलतानांच्या राजवाड्यात, भिंतीभिंतीवर तीच तीच ओळ कोरलेली, "वला गालिब इल्लल्लाह", अल्लाहशिवाय विजेता कोणी नाही, ती वाचून दाखवणारी आमच्यात एकच होती. तिच्याभोवती आम्ही सगळे गोळा झालो आणि "इथे काय लिहिलंय?" असं सगळ्यात जास्त वेळा माझ्या रूममेटनेच विचारलं. मी कॉर्दोबात का थांबले ते तुला तिथेच कळायला हवं होतं गं. इतकी वर्षं झाली, अजून विषय निघाला की तू बसच काढतेस. कोल्हापूरला शाळेच्या सहलीत सर शिट्टी वाजवून आम्हाला पन्हाळ्यावरून खाली उतरवायचे, तेव्हा आम्ही लहान होतो, इलाज नव्हता. एवढ्या लांब स्वतःच्या पैशाने जाऊन तेच का करायचं?

तुमच्यासाठी सांगायचं तर चार दिवसांत कॉर्दोबा आणि ग्रानादा एवढंच धरा, दोन-दोन रात्री. तोलेदो यात कोंबू नका, ते माद्रिदहून ट्रेनने अर्ध्या तासावर आहे, कुठल्याही रविवारी होतं, आणि तोलेदोहून पुढे ट्रेनने दक्षिणेला जायचं तर आधी परत माद्रिदलाच यावं लागतं. आठ जण नेऊ नका, तिघं-चौघं बास, आणि जमलं तर त्यात एकजण असा असू दे की ज्याचं त्या जागेशी काही नातं आहे.

हां, अल्हांब्राला मात्र शीट लागतेच. तिकीट खूप आधी काढावं लागतं, आतल्या नासरी महालांची वेळ तिकिटावर असते, ती चुकली की आत सोडत नाहीत, पासपोर्ट जवळ ठेवा. आमची तिकिटं वेळेवर मिळाली ती रूममेटमुळेच, हे मी तिलाही सांगितलंय.

मी जूनमध्ये कॉर्दोबाला एकटी परत गेले. मेस्किता सोमवार ते शनिवार सकाळी साडेआठ ते साडेनऊ फुकट होती आणि त्या तासात टूर ग्रुप्सना आत सोडत नव्हते. जायच्या आधी वेळा एकदा बघून घ्या. संत्र्यांच्या अंगणातून आत शिरलात की मिहराब पार पलीकडच्या भिंतीला आहे, आधी सरळ तिकडे जा, मधलं चर्च नंतर बघा.