शिकारीचा वाटा

आदरणीय ताई,

माझे माहेर मालवणच्या किनाऱ्यावरचे आणि सासर राजापूर तालुक्यातले, डोंगराकडच्या अंगाला. सासरे हयात असताना घरात पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. भातात डुक्कर उतरू लागले की ते रात्री राखणीला बसत आणि डुक्कर मिळाले तर वाडीत घरटी वाटा जाई. ती बंदूक आता माझ्या पतींच्या नावावर आहे. ते आंब्याची बाग पाहतात आणि घराच्या दोन खोल्या पर्यटकांना देतात. गेली तीन-चार वर्षे त्यांचे मुंबईतले मित्र थंडीत गाड्या घेऊन येतात, रात्री सर्चलाइट लावून रानात फिरतात आणि ससा, साळिंदर, जे समोर येईल ते मारून आणतात. शिजवायचे मी. गेल्या महिन्यात त्यांनी भेकर, म्हणजे एक लहान हरीण, आणले. साफ करताना तिच्या पोटात पाडस निघाले आणि मी हातातले तसेच ठेवून उठले. पती म्हणाले, “जिवंत कुर्लीचे (खेकड्याचे) डेंगे मोडतेस, तेव्हा दया येत नाही? आम्ही खाण्यासाठीच मारतो, टाकून तर देत नाही.” सासूबाई म्हणतात, आपल्यात हे पूर्वीपासून चालत आले आहे. अकरा वर्षांचा मुलगा त्या भेकराचा फोटो मित्रांना दाखवून आला. खाण्यासाठी मारणे आणि मौजेसाठी मारणे यांत खरोखर फरक असतो का? मासे खाणाऱ्या मला यावर बोलण्याचा अधिकार आहे का? मी काय करावे?

— एक गृहिणी

सप्रेम नमस्कार.

पतींनी कुर्लीचा दाखला दिला आणि तुम्ही गप्प झालात, असे पत्रावरून दिसते. म्हणून तिथूनच सुरुवात करते. तो दाखला खोटा नाही. समुद्रातला मासा कोणी पाळलेला नसतो. त्याला जाळ्यात धरणे ही शिकारच आहे, आणि आपण किनाऱ्यावरची माणसे ती रोज ताटात घेतो. बांगड्याच्या पोटात गाबोळी निघाली की आपल्याला आनंद होतो, आणि ती गाबोळी म्हणजे त्या माशाची होऊ घातलेली पिल्लेच असतात. भेकराच्या पोटातले पाडस पाहून तुम्ही उठलात, कारण त्याला पाय होते, डोळे होते, ते आपल्या ओळखीचे दिसत होते. हे मान्य करण्यात कमीपणा नाही. ‘मला जीवहत्या सहन होत नाही’ ही भूमिका तुम्ही घेतली असती, तर कुर्लीच्या एका प्रश्नात ती कोसळली असती. परंतु तुमची भूमिका ती नाहीच, आणि असायची गरजही नाही.

तुम्ही मालवणकडच्या आहात, म्हणून रापणीची आठवण करून देते. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे; ते ओढायला सारा गाव दोरीला लागतो आणि मासळीचे वाटे पडतात. त्याच किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या समुद्रात जात नाहीत, कारण तो माशांच्या विणीचा काळ मानला जातो. नारळ वाहिल्याशिवाय दर्यात शिरायचे नाही, ही रीत तर कायद्याच्याही आधीची. आणि याच किनाऱ्यावर पारंपरिक मच्छीमार एलईडी दिव्यांच्या मासेमारीविरुद्ध वर्षानुवर्षे भांडत आले आहेत, बंदी आली तरी त्यांना भांडावे लागते. मासे मारणे पाप आहे, असे ते म्हणत नाहीत; त्यांचे स्वतःचे पोट त्यावरच चालते. रात्री प्रखर दिवा सोडून, भुललेली मासळी लहान-मोठी न पाहता उपसून नेणे ही शिकारीची रीत नव्हे, एवढेच त्यांचे म्हणणे आहे. आता गाडीवरचा सर्चलाइट आठवा. डोळ्यांवर झोत पडला की जनावर जागीच खिळते आणि अंधारात त्याचे फक्त दोन चमकते डोळे दिसतात. ते नर आहे की मादी, गाभण आहे की नाही, हे त्या दोन ठिपक्यांवरून कोणालाही कळत नाही. तेव्हा मासे खाणाऱ्या बाईला बोलण्याचा अधिकार आहे का, या प्रश्नाचे माझे उत्तर असे की मासेमारांच्या किनाऱ्यावर वाढलेल्या बाईला तो इतरांपेक्षा जरा अधिकच आहे.

खाण्यासाठी आणि मौजेसाठी, यांतल्या फरकाविषयी मात्र मी तुम्हाला सोपे उत्तर देणार नाही. ‘आम्ही खातो’ हे वाक्य ऐकायला निर्णायक वाटते, पण त्याने फारसे काही सिद्ध होत नाही. मुंबईहून इतके पेट्रोल जाळून, दारूच्या बाटल्या आणि काडतुसे घेऊन येणाऱ्या माणसांच्या घरी मटणाची वानवा आहे, असे कोणी म्हणणार नाही. तेच भेकर कोणी कापून, पिशवीत भरून त्यांच्या दारात पोहोचवले असते, तर ते राजापुरापर्यंत आले असते का, हा प्रश्न पतींना शांतपणे विचारून पाहा. त्यांना रात्र हवी आहे, बंदुकीचा आवाज हवा आहे, दुसऱ्या दिवशी पाठवायला फोटो हवा आहे. मांस हे त्या करमणुकीला मिळालेले सोवळे आहे. याच्या उलट, तुमच्या सासऱ्यांना डुक्कर पाडताना आनंद होतच नसेल, असेही मला वाटत नाही. माझ्या आजोळी लहानपणी मी असा वाटा खाल्ला आहे आणि तो आणून देणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावरचा अभिमान मला अजून आठवतो. त्यामुळे आनंद झाला म्हणून ती वाईट शिकार आणि खाल्ले म्हणून ती चांगली, अशी वाटणी मला पटत नाही. गरज कोणाची होती आणि मारणाऱ्याने हात कुठे आवरला, या दोन गोष्टींवर सारे ठरते.

महाभारताच्या आदिपर्वात पांडूने मृगरूपातल्या किंदम ऋषीला मारल्याची कथा आहे. शापाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, पण त्याआधीचा संवाद सहसा कोणी सांगत नाही. पांडू आपली बाजू मांडतो की मृगया हा राजांचा धर्मच आहे. त्यावर तो ऋषी म्हणतो, तू हरणे मारतोस म्हणून मी तुला दोष देत नाही. मी मादीबरोबर रत असताना तू थांबायला हवे होतेस. सबंध आक्षेप त्या न थांबण्यावर आहे. मनुस्मृतीत कामापासून उपजणाऱ्या दहा व्यसनांची यादी आहे आणि तिच्यात मृगया पहिली आहे, जुगाराच्याही आधी. म्हणजे ‘पूर्वीपासून चालत आले आहे’ हे जितके खरे, तितकेच त्याबद्दलची नाराजीही पूर्वीपासूनच चालत आली आहे.

पती कदाचित आणखी एक मुद्दा काढतील आणि तो अगदीच टाकाऊ नाही, म्हणून आधीच सांगून ठेवते. शिकाऱ्यांनीच काही राने राखली, हे खरे आहे. मुरूडजवळचे फणसाड हे जंजिऱ्याच्या नवाबाचे राखीव शिकारीचे रान होते. १९८६ साली त्याचे अभयारण्य झाले. घाटावर राधानगरीचे रानही कोल्हापूरच्या महाराजांच्या शिकारीसाठीच राखलेले होते. परंतु ती राने टिकली, कारण तिथे एकाने मारायचे आणि बाकी सगळ्यांनी हात लावायचा नाही, असा कडक बंदोबस्त होता. गाडी घेऊन येईल त्याने मारावे, अशा मोकळ्या रानात काही शिल्लक राहत नाही. भेकराची मादी बहुधा एका वेळी एकच पाडस देते. रानडुकराची मादी चार-सहा पिल्ले सहज घालते. त्यामुळे सासऱ्यांनी शेतात उतरलेले डुक्कर मारणे आणि मित्रांनी रानात जाऊन भेकर मारणे यांची बरोबरी रानाच्या हिशेबातही होत नाही. शिवाय भेकर, ससे संपले की बिबट्या वाडीतल्या कुत्र्यांकडे आणि गोठ्याकडे वळतो. त्याचा भुर्दंड तुमच्या शेजाऱ्यांना पडतो. मित्र तोवर मुंबईला पोहोचलेले असतात.

कायद्याचे थोडक्यात सांगते, कारण घरात त्याविषयी गैरसमज दिसतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ सालचा आहे. भेकर, साळिंदर, रानडुक्कर यांची शिकार त्याखाली गुन्हा आहे. मारणे तर सोडाच, फासा लावणे आणि मारण्याचा प्रयत्न करणे हेसुद्धा शिकारीत मोडते. साध्या गुन्ह्यालाही तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पहिल्या अनुसूचीतला, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या यादीतला, प्राणी असेल तर कैद किमान तीन वर्षांची, आणि वापरलेली गाडी व बंदूक सरकारजमा होऊ शकते. ‘खाण्यासाठी’ म्हणून कायद्यात सूट नाही. पीकसंरक्षणाचा परवाना हा बंदूक बाळगण्याचा परवाना आहे, शिकारीचा नव्हे. पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकराबाबत वनखात्याकडे रीतसर अर्ज करून परवानगी मागता येते, पण तशा परवानगीने मारलेले जनावरही सरकारची मालमत्ता ठरते, त्याचे वाटे घालता येत नाहीत. आणि असे मांस जाणूनबुजून घरात ठेवणे हाही गुन्हाच असल्यामुळे तुमचे स्वयंपाकघर यातून सुटत नाही.

पिकाच्या नुकसानीची गोष्ट मी हलकी समजत नाही. हातातोंडाशी आलेले भात एका रात्रीत लोळवलेले ज्याने पाहिले आहे, त्याला मुंबई-पुण्यात बसून प्राणिदया शिकवणे हा उद्धटपणा आहे. डुक्कर आणि माकडांना कंटाळून कोकणात कितीतरी लोकांनी नाचणी, भुईमूग लावणे सोडले आहे. नुकसानभरपाईसाठी पंचनाम्याच्या खेपा घालण्यापेक्षा जमीन पड ठेवलेली बरी, असे त्यांना वाटते. तुमच्या पतींची तक्रार ही असेल, तर ती खरी तक्रार आहे आणि त्यांनी ती गावच्या इतर शेतकऱ्यांबरोबर वनखात्याकडे जरूर न्यावी. मात्र मध्यरात्री रानात तीन किलोमीटर आत उभे असलेले भेकर कोणाच्याही भाताला तोंड लावत नव्हते.

आता तुम्ही काय करावे, ते सांगते. पहिले म्हणजे, शिजवू नका. आदळआपट न करता, उपास न धरता, एवढेच सांगा की रानातले या चुलीवर चढणार नाही. वाल्या कोळ्याच्या बायकोने त्याने आणलेले खाल्ले आणि पापाचा वाटा विचारला तेव्हा अंग काढून घेतले. तुम्ही मुळात ताटातला वाटाच नाकारत आहात, आणि माझ्या मते ते तिच्यापेक्षा प्रामाणिक आहे. दुसरे, पतींशी मित्र घरात असताना या विषयावर एक शब्दही बोलू नका. चारचौघांत बायकोने अडवले की माणूस रानात जातोच, न जायचे ठरवलेला असला तरी. पावसाळ्यात, मित्र येण्याच्या आधी, दोघेच असताना बोला, आणि दयेपेक्षा जोखमीवर बोला. परवाना त्यांच्या नावावर आहे, घर त्यांचे आहे, फोटो मुलाच्या हातात आहे; उद्या काही झाले तर मित्रांची नावे मागाहून येतील, यांचे आधी. रात्रीच्या शिकारीत जनावर समजून सोबत्यालाच गोळी लागल्याच्या बातम्या आपल्याकडे अधूनमधून येतात. दशरथाने तर आवाजावरून बाण सोडला होता. इथे दोन चमकत्या ठिपक्यांवर बार काढला जातो.

घरी पाहुणे उतरतच आहेत, तर त्या रानाचा दुसरा उपयोगही पतींपुढे ठेवा. मंडणगड तालुक्यातल्या वेळास गावात पूर्वी कासवांची अंडी उकरून नेली जात. २००२ सालापासून तिथे ती राखण्याचे काम सुरू झाले आणि आज समुद्राकडे जाणारी पिल्ले पाहायला लोक येतात, गावातल्या घरांत राहतात, जेवतात, पैसे देऊन जातात. पहाटे भेकराचे भुंकणे ऐकायला पाहुण्यांना घेऊन जाणारा माणूस तुमच्या पतींइतका रानाचा माहीतगार कोण मिळणार? त्यांना रानाची ओढ आहे हे नक्की, आणि ती ओढ तोडायला मी सांगत नाही.

मुलाला रागावू नका. फोटो पुसून टाकायला लावून विषय संपवूही नका. पाडसाची गोष्ट त्याला तुम्हीच सांगा, जशी घडली तशी, वडिलांना खलनायक न करता. अकरा वर्षांच्या मुलाला ते झेपते.

इतके करूनही पुढच्या थंडीत गाड्या आल्या, तर वनखात्याच्या ‘हॅलो फॉरेस्ट’ या मदतवाहिनीचा १९२६ हा क्रमांक आहे. नवऱ्याविरुद्ध तो फिरवा, असे मी सहज म्हणणार नाही. त्याची किंमत तुम्हाला मोजायची आहे, मला नाही. परंतु गाडीच्या क्लचची तार वापरून फासे लावले जात असतील किंवा मांस विकले जात असेल, तर थांबू नका. डुकरासाठी लावलेल्या फाशात बिबट्याही अडकतो, आणि मग ते प्रकरण घरातल्या घरात राहत नाही.

एक काम त्याआधी करा. सासूबाई परंपरेचा हवाला देतात, तर त्यांनाच निवांत बसून विचारा की सासरे बंदूक कोणत्या महिन्यांत खाली उतरवतच नसत, कोणत्या जनावरावर ती रोखत नसत, आणि देवराईच्या बाजूला गेलेल्या जनावराचे काय करत. जुन्या शिकाऱ्यांच्या घरात असे नियम असत. माझ्या आजोळी होते. त्या जे सांगतील, ते पतींच्या कानावर तुमच्यापेक्षा त्यांच्या तोंडून पडू द्या. आणि मला उत्सुकता आहे, तेव्हा त्या काय म्हणाल्या ते अवश्य कळवा.