दोन दिवसांचं प्रशिक्षण देऊनही युवा केंद्रांत काही बदललं नाही. आता कोचिंग करून उपयोग होईल का?

होईल, पण कोचिंग म्हटलं की शिकवणीचा क्लास डोळ्यांसमोर येतो, तो आधी विसरा. इथे कोचिंग म्हणजे कार्यकर्त्याचं काम बघायचं आणि काय बदलायचं ते त्यालाच ठरवू द्यायचं. कार्यकर्त्यांनी प्रशिक्षणात माना डोलावल्या आणि परत जाऊन जुनंच सुरू केलं, असं तुम्ही लिहिलंय. त्यात त्यांचा फारसा दोष नाही. समोर तीस मुलं दंगा करत असताना वहीतली टिपणं कोण काढून बघतं?

मीही सुरुवातीला सूचना देत सुटायचो. आता केंद्रात मागच्या कोपऱ्यात बसतो, तासभर तोंड उघडत नाही आणि जे दिसतं, ऐकू येतं तेवढंच लिहितो. 'ताई उतावळ्या आहेत' असं नाही. 'सात प्रश्न विचारले, त्यांतल्या पाचांची उत्तरं स्वतःच दिली' असं. ही नोंद एका केंद्रातल्या कार्यकर्त्या ताईंपुढे ठेवून मी गप्प बसलो. त्यांनी ती दोनदा वाचली आणि हसून म्हणाल्या, "अहो, मी थांबतच नाही की!" मेरी बड रो या संशोधिकेने १९७४ साली वर्गांबद्दल हेच दाखवलं होतं: शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम सेकंदभर थांबतात, तीन सेकंद थांबले, तर उत्तरं मोठी येतात आणि जास्त मुलं बोलतात. महिनाभर मनात तीन आकडे मोजायचे, एवढंच ताईंनी ठरवलं. दुसरं काही मी सुचवलं नाही. (जीभ चावून बसावं लागलं.)

तांत्रिक साहाय्याचं मात्र उलटं. हजेरीची एक्सेल शीट, अंदाजपत्रक, पालकांचं संमतीपत्र, बालसुरक्षेचं धोरण यासाठी 'तुम्हाला काय वाटतं?' विचारत बसू नका. तयार नमुना द्या, शेजारी बसून भरून घ्या.

आणि निरीक्षणाची नोंद निधी देणाऱ्यांकडे जाऊ देऊ नका. आमच्या कार्यालयातून एकदा गेली. पुढच्या भेटीत मुलं रांगेत उभी, स्वागतगीत पाठ केलेलं. मुलांना कामात खरोखर किती सामील करून घेतलं जातं, हे दाखवणारी सहभागाची शिडी संशोधक रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी मांडली; तिला आठ पायऱ्या आहेत. खालच्या तीन त्यांनी सहभागात धरल्याच नाहीत. त्यांतली दुसरी 'सजावट', म्हणजे मुलं नुसती शोभेला. मला त्या दिवशी तीच दिसली. आता नोंदीची एकच प्रत असते आणि निघताना ती मी ताईंच्या हातात देऊन येतो.