सजद्यात घाई करू नकोस

बेटा, पाच वेळची नमाज सुरू केलीस, फार बरं वाटलं. एक सांगतो, मनाला लावून घेऊ नकोस. काल मगरिबला, म्हणजे सूर्यास्तानंतरच्या नमाजेला, तू रुकूतून (कमरेत वाकलेल्या स्थितीतून) उठलास आणि पाठ सरळ होते न होते तोच सजद्यात (कपाळ जमिनीला टेकायला) गेलास. एकाने अशीच घाईत नमाज पढली, तेव्हा पैगंबरांनी (स.) त्याला तीनदा सांगितलं: जा, पुन्हा पढ, तुझी नमाज झालीच नाही. म्हणून रुकूनंतर ताठ उभा राहा, अंग स्थिर होऊ दे. दोन सजद्यांच्या मध्ये नीट बस. सजद्यात नाकासह कपाळ, दोन्ही तळवे, गुडघे आणि पायांची बोटं जमिनीला टेकलेली हवीत. वजू करताना, म्हणजे नमाजेआधी हात-पाय धुताना, टाचा कोरड्या राहतात, तिकडेही लक्ष ठेव.

दिवसाच्या फर्ज (बंधनकारक) रकाती, म्हणजे नमाजेच्या फेऱ्या, 17 आहेत: पहाटेच्या फजरच्या 2, दुपारची जोहर, दुपारनंतरची असर आणि रात्रीच्या इशाच्या 4-4, मगरिबच्या 3. सध्या नफल (ऐच्छिक नमाजा) कमी झाल्या तरी चालेल, पण फर्ज वेळेवर होऊ दे.

फजर सुटते ना? मलाही सुरुवातीला तीच जड गेली. इशानंतर लगेच अंथरुणावर पडायला लागलो, तेव्हा जमलं. तरी एखाद्या दिवशी जाग आलीच नाही, तर उठल्या उठल्या कजा (राहिलेली नमाज) पढ.