डीप पर्पल का फुटला? माझ्या मते नुसत्या भांडणामुळे नाही

प्रश्न असा आहे की १९७३ मध्ये एवढा टॉपला असलेला डीप पर्पल हा ब्रिटिश रॉक बँड पुढच्या तीन वर्षांत संपला कसा, आणि बहुतेकांनी उत्तर दिलंय की गिटारवाला ब्लॅकमोर आणि गायक गिलन यांचं पटत नव्हतं. पटत नव्हतं हे खरंच आहे, पण ते अर्धंच कारण झालं. बँडमधल्या पाचही जणांना अक्षरशः पिळून काढलं आणि ते मॅनेजमेंटने केलं असं माझं स्पष्ट मत आहे.

सुरुवातीचं थोडक्यात सांगतो. १९६८ ला बँड निघाला तेव्हा गायक रॉड इव्हान्स आणि बासवर निक सिंपर होता, 'हश' हे गाणं अमेरिकेत चौथ्या नंबरपर्यंत गेलं पण स्वतःच्या देशात त्यांना फारसं कोणी विचारत नव्हतं. १९६९ ला त्यांच्या जागी गिलन आणि ग्लोव्हर आले. त्याच सप्टेंबरमध्ये बँडचा ऑर्गनवाला जॉन लॉर्ड याने लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये अख्ख्या ऑर्केस्ट्राबरोबर कॉन्चेर्टो (बँड आणि ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेली मोठी रचना) केला, त्याची चर्चा खूप झाली पण ब्लॅकमोरला कडक, जोरात वाजणारा रॉकच हवा होता, आणि त्यातून १९७० चा 'इन रॉक' हा अल्बम आला. लॉर्ड हॅमंड ऑर्गन गिटारसाठीच्या मार्शल अँप्लिफायरमधून वाजवायला लागला तिथे त्यांचा खरा आवाज सापडला असं मी म्हणेन, कारण कितीतरी ठिकाणी गुरगुरतंय ते गिटार की ऑर्गन हे पटकन कळतच नाही.

आता तारखा बघा. जून १९७० 'इन रॉक', जुलै १९७१ 'फायरबॉल', मार्च १९७२ 'मशीन हेड', डिसेंबर १९७२ 'मेड इन जपान', जानेवारी १९७३ 'हू डू वुई थिंक वुई आर'. तीन वर्षांच्या आत पाच अल्बम आणि मधल्या वेळात सतत टूर, त्यातही अमेरिकेच्या टूर एकामागून एक. १९७१ च्या शेवटी गिलनला कावीळ झाली, टूर रद्द. १९७२ मध्ये ब्लॅकमोरला कावीळ, परत तेच. ग्लोव्हरच्या पोटाचा त्रास वेगळाच. माणूस बरा झाला की लगेच पुढचं काम.

'मशीन हेड' सुद्धा याच धावपळीत झालाय. डिसेंबर १९७१ ला ते स्वित्झर्लंडमध्ये माँत्रोला कसिनोमध्ये रेकॉर्डिंग करायला गेले, ४ तारखेला तिथे फ्रँक झापा या अमेरिकन रॉक संगीतकाराचा कार्यक्रम चालू असताना कोणीतरी छताच्या दिशेने फ्लेअर (पेटता बाण) उडवली आणि सगळी इमारत जळाली. नंतर एका थिएटरमध्ये वाजवायला लागले तर आवाजामुळे पोलीस आले. शेवटी थंडीत बंद असलेलं ग्रँड हॉटेल मिळालं, त्याच्या कॉरिडॉरमध्ये गाद्या लावून, बाहेर रोलिंग स्टोन्सचा मोबाईल स्टुडिओचा ट्रक उभा करून साधारण दोन आठवड्यांत अल्बम उरकला. ट्रकपर्यंत जायचं तर खोल्या आणि बाल्कन्या ओलांडत जावं लागायचं, म्हणून पुढेपुढे त्यांनी रेकॉर्ड झालेलं ऐकायला जाणंच सोडलं. अशा हालात 'स्मोक ऑन द वॉटर' हे गाणं निघालं, ते आजही गिटार शिकणारा प्रत्येक मुलगा वाजवतो, मला याचं अजूनही नवल वाटतं.

डिसेंबर १९७२ ला गिलनने अमेरिकेतल्या हॉटेलमधून मॅनेजमेंटला पत्र लिहिलं की जूनअखेरपर्यंत थांबतो, मग जातो. म्हणजे त्यांच्याकडे सहा महिने होते! त्याला बसवून बोलावं, सगळ्यांना तीन महिने घरी पाठवावं, काहीच नाही, उलट ठरलेल्या टूर पूर्ण करून घेतल्या. गिलनने नंतर स्वतः हेच सांगितलंय की चांगले मॅनेजर असते तर त्यांनी सक्तीची सुट्टी दिली असती. २९ जून १९७३ ला ओसाकाला शेवटचा शो झाला. ग्लोव्हरला तर ब्लॅकमोरच्या अटीमुळे जावं लागलं, आणि हे मला सगळ्यात जास्त लागतं कारण 'स्मोक ऑन द वॉटर' हे नाव त्याला सुचलेलं, आणि तेच गाणं त्या उन्हाळ्यात अमेरिकेत चौथ्या नंबरवर गेलं तेव्हा तो आणि गिलन दोघंही बँडमध्ये नव्हते.

गिलनच्या जागी आलेला गायक कव्हरडेल याने बँड बुडवला असं काही जण म्हणतात, ते मला अजिबात मान्य नाही. दुकानात काम करणारा नवखा पोरगा येतो आणि 'बर्न' सारखा अल्बम होतो, ग्लोव्हरच्या जागी बासवर आलेल्या ग्लेन ह्यूजचा आवाज तर कमालच. पण ह्यूजमुळे फंक (अमेरिकन नाचऱ्या तालाचं संगीत) यायला लागलं, ब्लॅकमोरला ते नको होतं, एप्रिल १९७५ ला तो गेला. त्याच्या जागी गिटारवर आलेला टॉमी बोलिन प्रचंड गुणी होता पण ड्रग्जमध्ये अडकलेला, कधीकधी स्टेजवर हात चालायचा नाही आणि लोक ब्लॅकमोरचं नाव घेऊन ओरडायचे. १५ मार्च १९७६ ला लिव्हरपूलचा शो झाला आणि खेळ आटोपला. त्याच डिसेंबरला बोलिन वारला, पंचविसाव्या वर्षी.

१९८४ ला जुने पाच जण परत आले, 'परफेक्ट स्ट्रेंजर्स' छान आहे, पण तीच भांडणं परत झाली आणि १९९३ ला ब्लॅकमोर बँड कायमचा सोडून गेला.

नव्याने ऐकणार असाल तर स्टुडिओ अल्बम नंतर, आधी 'मेड इन जपान' ऐका, त्यात 'चाइल्ड इन टाइम' पूर्ण, हेडफोन लावून. मग 'इन रॉक', मग 'बर्न'. आणि बोलिन असलेला 'कम टेस्ट द बँड' हा अल्बम ब्लॅकमोरशी तुलना न करता ऐका, त्या पोराला तेवढा न्याय तेव्हा कोणी दिलाच नाही.